पाटलांच्या सुनेचे सहा दात

आबासाहेबांनी माझ्या टेबलावर कॅलेंडर पसरलं. खताच्या दुकानाचं होतं. वर एका हसऱ्या बाईचं चित्र. तिच्या दातांवर बोट ठेवून ते म्हणाले, “असे दात पायजेत. वरचे सहा. आठ दिवसांत.”

मी विचारलं, “कुणाला?”

त्यांनी मागे न बघता अंगठा दाखवला. दाराशी त्यांची सून वैजयंता उभी होती. वय फार तर बावीस-तेवीस. पदर तोंडावर धरलेला. बाहेर त्यांची जीप उभी होती आणि जीपमध्ये चार कार्यकर्ते शेंगा खात बसले होते.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत पहिल्यांदाच बायकांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. राणीसावरगावकडचा आबासाहेबांचा गट नेमका बायकांना गेला. घरातली सत्ता घरातच ठेवायची तर सुनेला उभं करणं भाग होतं. हँडबिलावर तिचा फोटो छापायचा होता. आणि सुनेचे पुढचे दात तपकिरी होते. एवढ्यासाठी ही मंडळी गंगाखेडहून परभणीला आली होती.

माझ्याकडे ही मंडळी सरळ आली नव्हती. आधी स्टेशन रोडवरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. बसस्टँडवरून येणाऱ्याला खरं तर माझी पाटी आधी दिसते. पण पाटीवर आडनावही दिसतं. माझे वडील पिंगळीला रेल्वेत गँगमन होते. मी स्कॉलरशिपवर नागपूरला बीडीएस केलं. परभणीत दवाखान्याला खोली बघायला लागलो तेव्हा मालक आधी हसून बोलायचे, मग पूर्ण नाव विचारायचे, मग खोली कालच गेली असं सांगायचे. शेवटी एका तेल्याच्या गोदामाची पुढची बाजू मिळाली. तिथे अजून करडीच्या तेलाचा वास येतो. पहिली दोन वर्षं दुपारी पेपर वाचण्यात गेली. पाटी वाचून लोक पुढे चालू लागायचे, ते मला खिडकीतून दिसायचं. मी ते विसरलेलो नाही. विसरावं असं मला वाटतही नाही.

मग माझ्याकडे कशाला आले? तर माझ्याकडे लाइट क्युअर मशीन होतं. पिस्तुलासारखं यंत्र असतं. त्यातून निळा प्रकाश पडतो आणि दातावर लावलेला मऊ लगदा त्या प्रकाशाने दगडासारखा घट्ट होतो. मुंबईच्या एजंटाला तीन वेळा परत पाठवून, त्याच्या मागे स्टेशनपर्यंत जाऊन मी ते माझ्या भावात घेतलं होतं. माझ्या माहितीत तेव्हा परभणीत दुसरं नव्हतं.

आबासाहेब म्हणाले, “मोठे डॉक्टरसाहेब कॅप बसवा म्हनले. पन मुंबईहून यायला महिना लागंल म्हनले. तुझ्याकडं मशीन हाय म्हनं. बसव लवकर.”

मी म्हणालो, “मशीन आहे. पण मला अहो म्हणायचं. मोठ्या डॉक्टरांना म्हणून आलात तसंच.”

मी कॅलेंडरची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. मग ते हसले. “बरं. अहो डॉक्टर. बसवा लवकर.”

मी वैजयंताबाईंना खुर्चीवर बसवलं. तोंड उघडायला त्यांना जरा वेळ लागला. वरच्या सहा दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते. मधे खडूसारखे पांढरे ठिपके. पण कीड एकाही दाताला नव्हती. हिरड्या घट्ट. शहरातल्या मुलींचे असे मजबूत दात मी पाहिले नव्हते. रंग सोडला तर त्या तोंडात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

हीच मोठ्या डॉक्टरांशी माझी अडचण होती. कॅप बसवायची म्हणजे दात चारी बाजूंनी तासून बोटाच्या पेरासारखा निमुळता करायचा आणि वर टोपी घालायची. तासलेला दात पुन्हा येत नाही. किडलेल्या, तुटलेल्या दाताला मी स्वतः कॅप बसवतो. पण नुसत्या डागासाठी सहा निरोगी दात तासायचे, हे मला पटत नव्हतं. आणि तेही हँडबिलासाठी.

आबासाहेबांनी निदान सांगून टाकलं. “मिश्री लावती. दुसरं काय.”

मिश्री म्हणजे तंबाखू जाळून केलेली पूड. आमच्याकडे बायका तिने दात घासतात. वैजयंताबाई लावत होत्याच, वास येत होता. पण मिश्रीचा काळा थर वरून बसतो, घासला की निघतो. हे डाग आतून होते. लहानपणी, हिरडीच्या आत दात तयार होत असताना, पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की असं होतं. खोल बोअरच्या पाण्यात ते बऱ्याच ठिकाणी असतं.

मी त्यांना विचारलं, “माहेरी पाणी कुठलं प्यायचात?”

“बोअरचं. अंगनातच हाय,” त्या म्हणाल्या. माहेर पाथरीकडचं, तेही पाटलांचंच घर. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने गावोगाव बोअर पाडले आणि ते बहुतेक ठिकाणी पाटलाच्या अंगणातच पडले. सासरीही तेच.

मी म्हणालो, “डाग बोअरच्या पाण्याचे आहेत.”

आबासाहेब उठले. “आमच्या पान्याला नाव ठेवायलाय व्हय? सगळं गाव पेतंय त्ये पानी.”

इथे माझा तोल गेला. त्यांचं गाव मला माहीत होतं. माझी बहीण तिथे दिली आहे.

“सगळं गाव नाही पीत,” मी म्हणालो. “विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाच्या साली तुम्ही आमच्या लोकांच्या वस्तीला त्या बोअरवर बंदी केली. वस्ती पुन्हा जुन्या विहिरीवर गेली. त्यानंतर जन्मलेली माझी भाचरं आहेत तिथे. त्यांचे दात बघा एकदा. या कॅलेंडरमधल्या बाईला लाजवतील. तुमच्या नातवंडांचेही बघा.”

बाहेर शेंगा फोडायचा आवाज थांबला. आबासाहेबांचा चेहरा तांबडा झाला होता. ते सुनेला म्हणाले, “चल गं. उठ.”

मी हात पुसले. “जा. तिकडे महिना लागेल. तोवर मतदान होऊन गेलेलं असेल. नांदेडला गेलात तर तिथेही दातांची मापं मुंबईलाच जातील.”

मी तोंडाने जा म्हणत होतो आणि मनात हिशोब करत होतो. ज्या माणसाकडे दुसरा रस्ता नसतो तो दारापर्यंत जातो आणि चप्पल घालताना थांबतो. हे मी आठवडी बाजारात शिकलो आहे, कॉलेजात नाही. आबासाहेब एका पायात चप्पल घालून थांबले. मग परत येऊन बसले.

“काय काय करता येतं त्ये सांगा,” ते म्हणाले.

मी सांगितलं. व्हिनिअर म्हणजे दाताच्या फक्त दर्शनी बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा. सुतार साध्या लाकडाच्या कपाटावर सागाचा पातळ थर चिकटवतो, तसाच प्रकार. मागचा दात आपला आपल्याजवळच राहतो. त्याचे प्रकार तीन. पहिला, तयार प्लास्टिकचा. दुकानातून टिकलीसारखा आणायचा आणि डकवायचा.

हे ऐकल्यावर वैजयंताबाईंनी पदराची गाठ सोडली आणि त्यातून नखाएवढं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. तो तसलाच प्लास्टिकचा पापुद्रा होता. गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याने कुठल्याशा मोठ्या शहरात नेऊन दोन बसवून आणले होते.

“दुसरा कुठंय?”

“भाकरीसंगं गेला पोटात,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत हसू दिसलं. तोंडावर मात्र हात गेला.

म्हणजे पहिला प्रकार आपोआप बाद झाला. दुसरा पोर्सेलीनचा, चिनी मातीच्या जातीचा. दिसायला सगळ्यात सुंदर. चहा, हळद, मिश्री, कशाचाही डाग धरत नाही. पण दाताचा पुढचा पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर तरी तासावा लागतो, माप मुंबईच्या लॅबला पाठवावं लागतं, आणि फुटला तर जोडता येत नाही, नवाच करावा लागतो. तिसरा कंपोझिटचा. तोच माझा लगदा. इथेच, याच खुर्चीवर, दातावर थापून आकार द्यायचा आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करायचा. तासायचं जवळजवळ काही नाही. पण तो काही वर्षांनी पिवळा पडतो, कडा झिजतात, मधूनमधून डागडुजी लागते. मिश्री चालू ठेवली तर वर्षभरातच खराब होतो.

आबासाहेबांना पोर्सेलीन आवडलं. त्यांना पक्कं काम हवं होतं. ते म्हणाले, मुंबईला मानूस पाठवतो, लॅबच्या दारात बसवतो, आठ दिवसांत घेऊन येईल. मी म्हणालो, पोर्सेलीन भाजायच्या भट्टीला आमदाराची चिठ्ठी चालत नाही. ते म्हणाले, मग चारच दात करा, दोन नंतर. मी म्हणालो, चार पांढरे आणि दोन तपकिरी ठेवून फोटो काढणार का? असं बराच वेळ चाललं. दोन्ही बाजूंना भाव करायची सवय होती, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही. शेवटी मी म्हणालो, “तुम्ही आणि मी मिळून दुसऱ्याच्या दाताचा सौदा करायलोय. त्यांना विचारा की.”

“तिला काय कळतंय?”

“कळतं की नाही ते बघू.”

मी एक प्रयोग केला. आमच्या धंद्यात कंपोझिट चिकटवण्याआधी दातावर सौम्य आम्ल लावून तो खरखरीत करतात. ते न करता नुसता लगदा लावला तर तो दिसायला तसाच दिसतो, पण नखाने निघतो. मी त्यांच्या एका दातावर आबासाहेबांना हवी तशी सगळ्यात पांढरी शेड लावली. शेजारच्या दातावर त्यापेक्षा मंद, किंचित पिवळट. मग हातात आरसा देऊन त्यांना बाहेर ओट्यावर उन्हात नेलं. दाताचा रंग ट्यूबलाइटखाली कधी ठरवायचा नाही. ट्यूबलाइट खोटं बोलते.

जीपमधले कार्यकर्ते जवळ आले. पांढऱ्या दाताकडे बघून एक जण म्हणाला, “वयनी, लय भारी. पिच्चरमदल्यावानी.” आबासाहेब खूश झाले.

वैजयंताबाई आरशात बघत राहिल्या. बाकीचे दात तपकिरी, एक पांढराशुभ्र, त्याच्या शेजारचा मंद. त्यांनी माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, “ह्यो नंतर काढला तर खालचा दात हाय तसाच राहतो का?”

सगळ्या दिवसात हा पहिला शहाणा प्रश्न होता. पैसे मोजणारे हा प्रश्न विचारत नाहीत.

मी म्हणालो, “कंपोझिट काढलं तर जवळजवळ आहे तसाच. पोर्सेलीनला तासलेला दात परत येत नाही. कॅप म्हणाल तर खाली दात म्हणून फार काही उरतच नाही.”

“मग निघतो त्योच करा. आन रंग ह्यो नगं. ह्यो दुसऱ्याचा दात दिसतो. बाजूचा करा.”

आबासाहेब भडकले. “पैसे मोजून पिवळे दात? डॉक्टर, तुमी मुद्दाम करायलात हे. आमच्या घराचं हसं व्हावं म्हनून. तुमचा जुना राग हाय आमच्यावर.”

राग होता. तो मी नाकारला नाही. “आहे,” मी म्हणालो. “म्हणूनच काम चोख करणार. तुमच्या घरातलं कुणी माझ्या हातून बिघडलं तर गाव काय म्हणेल ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोठ्या डॉक्टरांचं काम बिघडलं तर नशीब. माझं बिघडलं तर जात.”

त्यांनी माझ्यावरची नजर सुनेकडे वळवली. “पोर्सेलीनच घ्यायचं. पक्कं. मी सांगतो म्हनून.”

वैजयंताबाई ओट्यावरच उभ्या होत्या. कार्यकर्ते ऐकत होते. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, पण तोंडावर घेतला नाही.

“मामंजी,” त्या सासऱ्याला म्हणाल्या, “इलेक्शन पाच वर्सांचं. दात मला मरंस्तोवर लागत्यात.”

एक कार्यकर्ता जीपकडे बघू लागला. आबासाहेब जाऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले आणि तिथूनच म्हणाले, “करा काय करायचं त्ये. जल्दी करा.”

काम दोन बैठकींत झालं. सोपं नव्हतं. फ्लोराइडचा दात कठीण असतो, आम्ल त्याला लवकर खात नाही, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागतं. तपकिरी पट्टा वरून दिसू नये म्हणून खाली एक अपारदर्शक थर द्यावा लागतो. तो जाड झाला की दात भिंतीला चुना लावल्यासारखा दिसतो, पातळ झाला की पट्टा परत डोकावतो. पहिल्या दिवशी तिसऱ्या दाताला लाइट गेली. अर्धवट घट्ट झालेला लगदा काढून टाकला आणि ती परत येईपर्यंत आम्ही बसून राहिलो. तेवढ्यात मी त्यांना मिश्री सोडायला सांगितली. त्या म्हणाल्या, भाषणाच्या आधी लय भ्या वाटतं, तेव्हा लावते. मी म्हणालो, भ्यायचं असेल तर भ्या, पण मिश्री नको. त्यांनी मान डोलावली. खरं-खोटं त्यांना माहीत.

दुसऱ्या बैठकीनंतर दात कुणाच्या नजरेत भरणार नाहीत असे झाले. आमच्या कामात याहून मोठी शाबासकी नसते.

पुढच्या आठवड्यात हँडबिल माझ्या हाती आलं. पातळ कागद, एकाच निळ्या शाईत छापलेलं. वर वैजयंताबाईंचा फोटो. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि ओठ घट्ट मिटलेले. एकही दात दिसत नव्हता. नंतर कळलं की फोटोग्राफरने थोडं हसा म्हटल्यावर आबासाहेबच ओरडले होते, पाटलाची सून दात दाखवत न्हाई. ज्या फोटोसाठी सहा दात तासायला निघाले होते, त्या फोटोत तोंड उघडायलाच बंदी होती. हे त्यांना दोन दवाखाने फिरेपर्यंत सुचलं नव्हतं. मी त्या दिवशी एकटाच बराच वेळ हसलो.

हँडबिलात नाही, पण सभांत दात कामी आले. वैजयंताबाई तोंड न झाकता बोलायला लागल्या. आणि लगेच समोरच्या पार्टीने उठवलं की पाटलांनी सुनेला कवळी बसवली, बाईला स्वतःचे दातसुद्धा न्हाईत, ती गावाचं काय करणार. एका गावच्या सभेत कुणीतरी मागून तसं ओरडलं. उसाचे दिवस होते. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात ऊस होता. वैजयंताबाई खाली उतरल्या, त्यांनी तो मागून घेतला आणि सगळ्यांसमोर दातांनी सोलला. सगळ्या पारावर शिट्ट्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एसटीने एकट्या माझ्याकडे आल्या. समोरच्या दाताच्या कंपोझिटचा कोपरा उडाला होता. मी संतापलो. ऊस सोलायला मी दिले होते का दात, असं बरंच बोललो. त्या शांतपणे खुर्चीवर बसल्या.

“सोलला त्यो माज्या दातानं. मोडलं त्ये तुमचं. बसवा आता. दुपारी सभा हाय.”

अर्ध्या तासात कोपरा बसला. पोर्सेलीन असतं तर नवा पापुद्रा मुंबईहून येईपर्यंत मतदान उरकलं असतं. कॅप असती तर ती निघून खालचा तासलेला खुंट गावाला दिसला असता, आणि कवळीवाले खरे ठरले असते.

जाताना त्यांनी विचारलं, त्यांची चार वर्षांची मुलगी आहे, तिचे दात अजून वाचतील का. मी म्हणालो, आठ वर्षांची होईपर्यंत बोअरचं पाणी बंद करा, म्हणजे पुढच्यांना थोडा डाग आला तरी बाकीचे कायमचे दात वाचतील. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी मी बोअरबद्दल जे बोललो ते ऐकल्यापासून मुलीसाठी जुन्या विहिरीवरूनच पाणी आणतात.

मी चमकलो. “आमच्या वस्तीवरच्या?”

“तुमच्या भैनीला इचारून भरते. फुकट न्हाई नेत, नंबर लावते.”

“आबासाहेबांना माहीत आहे?”

“त्येंचे दात पडलेत सगळे,” त्या म्हणाल्या. “त्येंना बोअरचं चालतंय.”

वैजयंताबाई निवडून आल्या. आबासाहेब मला पुन्हा भेटले नाहीत आणि मीही त्यांना भेटायला गेलो नाही. माझा राग अजून माझ्याजवळच आहे. तो कमी झाला असं सांगून मी कुणाला बरं वाटू देणार नाही.

लोक विचारतात, डॉक्टर, व्हिनिअर कोणतं चांगलं. मी आधी विचारतो की बसवायचं कुणाच्या तोंडात, आणि इथे उत्तर कोण देतंय. ती दोन माणसं वेगळी निघाली तर मी एकाला बाहेर बसवतो. मग सांगतो, पोर्सेलीन उत्तम, पण तासलेला दात मागून मिळत नाही. कंपोझिट दुय्यम, पण त्यात माघार घेता येते. आणि ऊस दातांनी सोलायचा असेल तर ते मला आधी सांगा.